खालून कापलेली ओळ

१९९९ च्या ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या दैनिकात टायपिंगचं काम करणाऱ्या ताईंनी कोपरगावच्या दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोड पत्रावर सही केली. वडिलांच्या आठ एकर बागायती जमिनीतला आपला वाटा त्यांनी दोन भावांच्या नावे सोडला. मोबदला घेतला नाही. दस्त त्याच दिवशी नोंदला गेला.

सही करताना आपला वाटा अर्धा एकर आहे अशी त्यांची समजूत होती. कायद्याने तो दोन एकर होता. ही समजूत आमच्या दैनिकाच्या इंटरनेट आवृत्तीवरच्या एका मजकुरातून आलेली होती. तो मजकूर त्यांनीच टाइप केला होता.

मी तेव्हा नगरला त्या दैनिकात कोर्टाच्या बातम्या करत असे. ताईंचं टेबल माझ्या टेबलासमोर होतं. त्या कोपरगाव तालुक्यातल्या, लग्न करून नगरला आलेल्या. सावेडीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत. नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होता. ऑफिसात सगळे त्यांना ताईच म्हणत, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा.

जो मजकूर पुढे इंटरनेटवर गेला, तो मुळात छापील अंकातला होता. दर सोमवारी चौथ्या पानावर कायद्याचं सदर येई. वाचक पोस्टकार्डावर प्रश्न पाठवत. शेजाऱ्याने बांध कोरला, भाडेकरू निघत नाही, पोटगी ठरली पण मिळत नाही, अशा तऱ्हेचे. उत्तरं दिवाणी कोर्टात वकिली करणारे एक ज्येष्ठ वकील देत. त्यांचा मजकूर फुलस्केप कागदावर, डावीकडे समास सोडून लिहिलेला असे. आधी उत्तर. मग आधार, म्हणजे कायद्याचं नाव, साल, कलम, एखादा निकाल असेल तर न्यायालय. सगळ्यात शेवटी एक ओळ: आजच्या तारखेस कायदा असा आहे, अमुक बदल झाल्यास उत्तर बदलेल. पक्षकाराला लेखी मत देताना वकील असंच लिहितात.

आमची लिहिण्याची रीत वेगळी होती. बातमीत महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली. पान लावताना जागा कमी पडली की मजकूर खालून कापायचा. तेव्हा मजकूर ट्रेसिंग पेपरवर निघे आणि पानावर चिकटवला जाई. जास्त झालेला भाग ब्लेडने उडवत. कापणाऱ्याला तो वाचावा लागत नसे, हाच या रीतीचा फायदा. वृत्तसंपादक नव्या माणसाला सांगत, "वर डोकं, खाली शेपूट. शेपूट कापली तर जनावर मरत नाही."

वकिलांचा आधार शेपटीत असे. महिन्यातून एखाद्या सोमवारी तो जाई.

मग वकीलसाहेब कोर्टातून परतताना ऑफिसात डोकावत. काळा कोट हातावर घेतलेला.

"माझं कलम कुठं गेलं?"

"साबणाची जाहिरात आली, वकीलसाहेब," वृत्तसंपादक म्हणत.

"म्हणजे साबणानं कलम धुतलं."

"तुम्ही आधार वर लिहा की."

"वर लिहिला तर उत्तर कोण वाचेल?"

"मग खालचं तरी कोण वाचतंय?"

यावर चहा येई. हे संभाषण थोड्याफार फरकाने मी बऱ्याचदा ऐकलं आहे. सदर चालू राहिलं आणि कापायची रीतही.

१९९४ च्या फेब्रुवारीत संगमनेर तालुक्यातल्या एका बाईंचा प्रश्न छापला गेला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा किती? उत्तरात वकिलांनी उदाहरण दिलं होतं. कुटुंबात आई-वडील, दोन मुलगे, एक मुलगी. वडिलोपार्जित जमिनीत मुलग्यांना जन्मतः हक्क असतो, मुलीला नसतो. वडील वारल्यावर वडिलांच्या वाट्याला जे येईल त्यातलाच वाटा मुलीला मिळतो. एकूण जमिनीचा रुपया धरला तर मुलीला एक आणा, म्हणजे सोळावा हिस्सा. उत्तर इथे संपत होतं. खाली आधार नव्हता. त्याखाली बियाण्याची जाहिरात होती.

त्या दिवशी छापलेलं उत्तर बरोबर होतं. जून १९९४ मध्ये राज्याने कायदा बदलला. मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला. दुरुस्ती लागू होण्याआधी जिचं लग्न झालं होतं, तिला मात्र तो मिळाला नाही. त्यामुळे लग्नाच्या तारखेला महत्त्व आलं. नव्या हिशेबाने त्याच उदाहरणातल्या मुलीचा वाटा चार आणे झाला. वकिलांनी त्यावरही त्याच वर्षी सदरात लिहिलं, आणि तेही छापून आलं.

१९९९ च्या उन्हाळ्यात मालकांचा पुतण्या पुण्याहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आला. त्याने दैनिकाची इंटरनेट आवृत्ती काढायचं ठरवलं. त्याला तोंडावर सर आणि पाठीमागे छोटे मालक म्हणत. मोडेम संपादकीय विभागाच्या फोनलाच जोडला होता. इंटरनेट लावलं की फोन बंद. तालुक्यांचे बातमीदार मग जाहिरात विभागाला फोन करून अपघाताच्या बातम्या सांगत, आणि जाहिरातवाले त्या पाकिटामागे लिहून आणून देत. मराठी वाचायला वाचकाला आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. तरीही अमेरिकेतून राहुरीच्या एका माणसाचा मेल आला. मालकांनी तो मोठा करून छापून घेतला आणि आपल्या खोलीत लावला.

रोजच्या बातम्या टाकून जागा भरत नव्हती. पुतण्याच्या मते इंटरनेटवर लोकांना बातमीपेक्षा उपयोगाची माहिती हवी होती. त्याने जुन्या फायली काढल्या. कायद्याच्या सदरातली चांगली उत्तरं पेन्सिलने खुणा करून ताईंकडे दिली. जुन्या फ्लॉप्या उघडत नव्हत्या आणि इंटरनेटचा फॉन्टही वेगळा होता, म्हणून सगळं नव्याने टाइप करावं लागलं. त्याच्या सूचना दोन होत्या. एका विषयावर एकच उत्तर घ्यायचं, आणि तारीख टाकायची नाही.

तारखेबद्दल मी त्याला विचारलं होतं.

"तारीख टाकली की शिळं वाटतं," तो म्हणाला. "ही बातमी थोडीच आहे. माहिती आहे."

"माहिती कधीची ते कळायला नको?"

"सर, लोक वाचतील त्या दिवसाची."

वृत्तसंपादक मान वर न करता म्हणाले, "याचा दिवाळी अंकसुद्धा बारा महिने चालेल." सगळे हसले. पुतण्याही हसला.

त्याने फायली जुन्यापासून चाळायला घेतल्या होत्या. मुलीच्या वाट्याचं फेब्रुवारीतलं उत्तर आधी आलं. त्यावर खूण झाली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धातलं दुसरं उत्तर त्याच विषयाचं होतं, म्हणून ते सुटलं. ताईंनी खूण असलेलं टाइप केलं. जूनच्या अखेरीस ते इंटरनेटवर गेलं. मथळा तोच, खाली वकिलांचं नाव. तारीख, कायद्याचं साल, कलम यांपैकी काही नाही. बियाण्याची जाहिरातही तिथे नव्हती, तेव्हा मजकूर पूर्ण आहे असंच कुणालाही वाटलं असतं.

ताईंचे वडील आदल्या वर्षी वारले होते. घरात आई, एक भाऊ मोठा, एक धाकटा. उदाहरणातल्या कुटुंबासारखंच कुटुंब. जमीन आठ एकर, कालव्याच्या पाण्याखालची. निम्म्याहून जास्त ऊस. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर चौघांची वारस म्हणून नोंद झाली. मोठ्या भावाने वर्षश्राद्ध होईपर्यंत विषय काढला नाही. श्राद्ध झाल्यावर काढला. आमच्या भागात बहिणी राखीला किंवा दिवाळीला माहेरी आल्या की निबंधकाकडे नेऊन सही घेण्याची पद्धत आहे. त्यासाठी वेगळं बोलावणं पाठवत नाहीत. सही झाली की साडी-चोळी आणि जेवण. गावातल्या बहुतेक बहिणींनी ती दिलेली असते.

ताईंच्या घरी त्याच दिवसांत दुसरी एक गोष्ट चालली होती. नवऱ्याचा कारखाना मार्चमध्ये बंद पडला होता. नवरा मूळचा शेतकऱ्याचा, त्याला उसाचं सगळं काम येत होतं. त्याच्या स्वतःच्या घरी जमीन उरली नव्हती. ताईंच्या वाट्याला कसण्यासारखं काही येत असेल तर कोपरगावला जाऊन राहायचं, असं दोघांचं बोलणं झालं होतं. ताईंनी हे मला डबा खाताना सांगितलं. ऑगस्टचा पहिला किंवा दुसरा आठवडा असावा.

"मग? किती येतंय वाट्याला?" मी विचारलं.

"आपल्या नेटवर हाय की सर. मीच टाइप केलंय. रुपयाला एक आणा. म्हणजे अर्धा एकर."

"वकीलसाहेबांना विचारा एकदा."

"त्यांचंच नाव हाय खाली. त्यांनाच काय विचारायचं त्यांनी लिहिलेलं? हसतील."

मी फौजदारी कोर्ट करायचो. वाटपाचे दावे माझ्या बातम्यांत येत नसत.

ताईंनी डबा बंद केला. "अर्ध्या एकरात काय करायचं? विहीर भावांच्यात, रस्ता भावांच्यात. मालक म्हणाले, एवढ्यासाठी माहेर तोडू नको. तुझाच पेपर सांगतोय."

मालक म्हणजे नवरा. नंतर एमआयडीसीतच एका गोडाऊनवर वॉचमनची जागा निघाली आणि त्याने ती धरली. ताई राखीला कोपरगावला गेल्या, दुसऱ्या दिवशी सही केली आणि शनिवारी कामावर आल्या. भावांनी दिलेली साडी त्यांनी आठवड्याने ऑफिसला नेसून आणली. हिरव्या काठाची होती. जाहिरात विभागातल्या बाईंनी चौकशी केली, तेव्हा भावाने घेतली एवढंच त्यांनी सांगितलं.

वकीलसाहेब सप्टेंबरात आले. त्यांच्या मुलाने पुण्यात आमची इंटरनेट आवृत्ती पाहिली होती आणि वडिलांना फोन करून विचारलं होतं की, तुम्ही अजून जुनाच कायदा सांगता का. वकीलसाहेबांनी इंटरनेट कधी पाहिलेलं नव्हतं. पुतण्याने त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. पान उघडायला वेळ लागला. वकीलसाहेबांनी चष्मा बदलला आणि संपूर्ण वाचलं.

"हे कोण म्हणतं?"

"सर, तुमच्याच नावानं आहे," पुतण्या म्हणाला.

"नाव माझं आहे. पण कधी म्हणालो मी हे?"

पुतण्याला तारीख आठवत नव्हती. ताईंनी मागे न वळता सांगितलं, "चौऱ्याण्णवची फाईल. पहिली."

"चौऱ्याण्णवचा जून उलटला आणि हे संपलं. मी खाली लिहिलं होतं. दुरुस्तीची चर्चा आहे, झाली तर उत्तर बदलेल, असं स्वच्छ लिहिलं होतं. ती ओळ कुठंय?"

वृत्तसंपादकांनी फाईल मागवली. छापील अंकातही ती ओळ नव्हती. ती कापली गेली की लिहिलीच नव्हती, हे ठरवायला हस्तलिखित लागलं असतं. हस्तलिखितं आमच्याकडे महिनाभर ठेवत, मग रद्दीत जात. वकिलांनी ती ओळ लिहिली होती याला वकिलांच्या सांगण्यापलीकडे पुरावा नाही. त्यांच्या प्रत्येक उत्तराखाली तशी ओळ असे, एवढं मी पाहिलेलं आहे.

ताई तोपर्यंत खुर्ची फिरवून बसल्या होत्या.

"म्हणजे वकीलसाहेब, आता मुलीला हाय का हक्क?"

"पाच वर्षं झाली. लग्न कधी झालंय त्यावर आहे. तुमचं कधी झालं?"

"शहाण्णवच्या मे महिन्यात."

"मग आहे तुम्हाला. वडील आहेत?"

"गेल्या साली गेले. आई हाय, दोन भाऊ हायेत."

"जमीन वडिलोपार्जित? मागं वाटप झालेलं?"

"आज्ज्याची. वाटप न्हाई."

"चार आणे," वकीलसाहेब म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "सही केलीत का कुठं?"

"राखीला."

"स्टँपवर नुसती, की रजिस्टर?"

"रजिस्टर."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पुतण्याने विचारलं, पान आत्ता काढून टाकू का. ताई पुन्हा कीबोर्डकडे वळल्या. पारनेरच्या बाजार समितीची बातमी अर्धी राहिली होती. ती त्यांनी पुरी केली.

संध्याकाळी वकिलांनी तिथेच बसून नवं उत्तर लिहिलं. या वेळी आधार सगळ्यात वर घेतला. कायदा, साल, राज्याची दुरुस्ती, ती केव्हापासून लागू, आणि हे उत्तर कोणत्या तारखेला लिहिलं ते. तो कागद टाइपिंगला ताईंकडेच गेला. दुसरा ऑपरेटर सुट्टीवर होता. त्यांनी तो टाइप करून दिला. पुतण्याने जुन्या पानाच्या जागी नवं पान चढवलं. पत्ता तोच, मथळा तोच.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं की जुनं पान छापून ठेवलंय का.

"कशाला? चूक होती, दुरुस्त केली."

"चूक होती हे कुठं लिहिलंय?"

"लिहायचं कशाला सर? आता बरोबर आहे ना."

जुन्या पानाची प्रत कुठेही नव्हती. फ्लॉपीवरही त्याने त्याच नावाने नवा मजकूर ठेवला होता, त्यामुळे जुना पुसला गेला. मालकांकडे मी छापील अंकात खुलासा देण्याचं बोललो. त्यांनी फाईल मागवून पाहिली. छापील अंकातला मजकूर त्या तारखेला बरोबर होता, मग खुलासा कसला द्यायचा, असं त्यांनी विचारलं. इंटरनेटचा खुलासा कागदावर दिला तर वाचक गोंधळतील असंही ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी पुतण्याने वकिलांच्या उत्तरातला वरचा आधार काढून खाली नेला. पडद्यावर पहिल्यांदा उत्तर दिसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. मजकूर कापला गेला नाही. तो खाली, बारीक अक्षरात होता.

वकीलसाहेबांनी ताईंना दोन मार्ग सांगितले. हक्कसोडीची फेरफार नोंद, म्हणजे सातबाऱ्यावरून त्यांचं नाव कमी करण्याची नोंद, अजून मंजूर झाली नव्हती. तिला हरकत घेता येत होती. ती टिकली नाही तर दस्त रद्द करायला दिवाणी दावा. हरकतीचा अर्ज त्यांनी स्वतः लिहून दिला आणि फी घेतली नाही. सुनावणी नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर लागली. त्या दिवशी वकीलसाहेबांचं नगरला काम होतं. ताईंनी मला बरोबर यायला सांगितलं. नवऱ्याला पाळी बदलून मिळत नव्हती.

आम्ही तारकपूर स्टँडवरून सकाळची एसटी धरली. राहुरी गेल्यावर ताईंना झोप लागली. माझ्याकडे दोन कागद होते. १९९४ च्या अंकातल्या पानाची झेरॉक्स आणि इंटरनेट आवृत्तीवरच्या पानाची छापील प्रत. दुसरा कागद आदल्या दिवशी काढला होता, म्हणजे त्यावर नवं उत्तर होतं. दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतं.

तहसील कचेरीच्या आवारात दोन्ही भाऊ आधीच आले होते. मोठ्या भावाने चहा सांगितला. ताईंसाठी बिनसाखरेचा, न विचारता.

"पेपरवाल्यांना घिऊन आलीस व्हय, बाई?" तो माझ्याकडे पाहत म्हणाला. "छापा साहेब. फोटो काढायचा असंल तर आधी दाढी करून येतो."

"ते बातमीला न्हाई आले, दादा. माझ्यासंगं आले."

"मंग बरंय. आमच्या संगं कुणी न्हाई. आमी आपले दोघं भाऊच."

धाकटा ताईंपेक्षा लहान होता. तो म्हणाला, "आक्का, तुला कुणी जबरदस्ती केली का? रजिस्टर करताना साहेबानं विचारलंतं तुला तिथं. राजीखुशीनं का म्हणून. तू व्हय म्हणलीस."

"मला अर्धा एकर वाटला."

"मंग अर्ध्या एकराला राजीखुशी आणि दोन एकराला न्हाई?"

ताईंनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "व्हय," त्या म्हणाल्या. "तसंच हाय."

मोठा भाऊ हसला नाही. "आई विचारती, लेक दिवाळीला का आली न्हाई. काय सांगू तिला? इंटरनेट आडवं आलं म्हनू?"

आत पुकारा झाला.

सुनावणी नायब तहसीलदारांपुढे होती. त्यांनी अर्ज वाचला आणि चुकीच्या माहितीवर सही झाली याचा पुरावा मागितला. मी झेरॉक्स दिली. त्यांनी वरची तारीख पाहिली.

"हे फेब्रुवारी चौऱ्याण्णवचं आहे. तेव्हा हेच बरोबर होतं. आणि सही यंदाची."

"यंदा हेच इंटरनेटवर होतं," मी म्हणालो.

"ते दाखवा."

मी दुसरा कागद दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. बारीक अक्षरातला खालचा भागही वाचला. मग त्यांनी ताईंकडे पाहिलं.

"यात तर तुम्हाला चार आणे हक्क आहे असंच लिहिलंय. हे वाचून तुम्ही सोडलात?"

"हे नव्हतं तेव्हा. दुसरं होतं."

"दुसरं कुठंय?"

"बदललं."

"कुणी?"

"मीच टाइप केलं," ताई म्हणाल्या.

दारातला शिपाई पुढची फाईल घेऊन आत आला होता, त्याला नायब तहसीलदारांनी हाताने थांबवलं. खालच्या मजकुरात तारीख सप्टेंबरची होती आणि सही ऑगस्टची, हे मी दाखवलं. त्यावर ते म्हणाले, सप्टेंबरात नवीन लिहिलं एवढंच यातून दिसतं, ऑगस्टला काय होतं ते दिसत नाही. ते चिडून बोलत नव्हते. नोंदणीकृत दस्त समोर असताना महसूल खात्याला त्याच्या खरे-खोटेपणात जाता येत नाही, दिवाणी न्यायालयात जा, असं त्यांनी समजावून सांगितलं. भावांना काही म्हणायचं आहे का, हेही विचारलं. मोठा भाऊ म्हणाला, न्हाई साहेब. धाकट्याने नुसती मान हलवली. निकाल लेखी कळवू असं सांगून त्यांनी पुढची फाईल घेतली.

बाहेर आल्यावर मोठा भाऊ ताईंना म्हणाला, "घरी चल. जेवून जा. आईनं करून ठिवलंय."

"एसटी हाय आता."

"ती काय एकच हाय का?"

ताई गेल्या नाहीत. आम्ही स्टँडवर बसलो. त्यांनी माझ्याकडून दोन्ही कागद मागून घेतले, एकावर एक ठेवून घडी घातली आणि पर्समध्ये टाकले. परतीच्या वाटेवर शिर्डीला बस भरली आणि आम्हाला वेगळं बसावं लागलं. नगरला उतरल्यावर त्यांनी मला विचारलं, उद्या कोर्टाच्या बातम्या लवकर द्याल का, त्यांना संध्याकाळी लवकर निघायचं होतं. मी हो म्हणालो.

दिवाणी दाव्याचा मसुदा वकीलसाहेबांनी त्याच आठवड्यात तयार केला. जुनं पान ज्यांनी पाहिलं ते साक्ष देऊ शकतील, असं ते म्हणाले. पुतण्या, मी आणि त्यांचा मुलगा. पुतण्याने काकांना विचारून सांगतो म्हटलं. त्याने पुढे काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी तयार असल्याचं कळवलं. वकीलपत्र सहीसाठी ताईंकडे दिलं होतं, ते त्यांनी घरी नेलं. महिनाभराने वकीलसाहेबांनी ऑफिसात येऊन त्याबद्दल विचारलं. ताई म्हणाल्या, बघू. पुढच्या खेपेलाही तेच म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला वकीलसाहेबांनी विचारलं नाही. सदराचा कागद टेबलावर ठेवून ते गेले.

त्या कागदावर आधार वरच्या ओळीत होता. सोमवारी जागा कमी पडली, तेव्हा उत्तराच्या शेवटच्या चार ओळी गेल्या.

हरकत फेटाळल्याचा आदेश डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आला. टपाल ऑफिसच्या पत्त्यावर आलं होतं. ताईंनी पाकीट फोडलं, वाचलं, मला वाचायला दिलं. आदेश एका पानाचा होता. त्यात दस्ताचा क्रमांक होता, कलमं होती, दोन्ही बाजूंचं म्हणणं होतं आणि खाली तारीख होती. इंटरनेटचा उल्लेख नव्हता.

महिन्याच्या अखेरीस मी शिर्डीला एका बातमीसाठी गेलो होतो. तिथून पुढे ताईंच्या गावी जाऊन तलाठी कार्यालयातून सातबाऱ्याचा उतारा घेतला. फेरफार मंजूर झाला आहे. क्षेत्र आठ एकर, पीक ऊस आणि गहू. कब्जेदार म्हणून तीन नावं आहेत, आई आणि दोन भाऊ.